दोनदा कशाला रडवायचं

तालिनच्या विमानतळावर काचेमागे बसलेल्या बाईने केतकीला काहीतरी विचारलं. केतकीने मराठीतच सांगितलं, "मला तुमचं कळत नाही हो. माझ्या कानात बाळी नाही."

बाईने मान डोलावली. म्हणजे तिला केतकीचं म्हणणं नीट कळलं होतं. आणि तिने पुन्हा तेच विचारलं, या वेळी जरा हळू.

शेवटी केतकीने केस मागे सारून आपला उजवा कान दाखवला. कानाच्या वरच्या कडेला, जिथे सगळ्यांची बाळी असते, तिथे बोराएवढी गुलाबी गाठ होती. मिरजेच्या दवाखान्यात भरती करताना तिची बाळी काढून घेतली होती. नंतर परत टोचायला गेली तर ही गाठ आली. त्यानंतर प्रत्येक सोनाराने हात वर केले. बाईने गाठीकडे पाहिलं, चुकचुकली आणि शिक्का मारला. एकवीस दिवस.

तेवढे पुरेत, केतकीच्या मनात आलं. ती काही शहर बघायला आली नव्हती. ओजूला घेऊन जायला आली होती. परतीच्या तिकिटावर दोन जागा होत्या, खिडकीजवळची त्याची.

पावणेदोन वर्षांचा असताना तिने त्याला शेवटचं मांडीवर घेतलं होतं. मग खोकला, मग तो हट्टी क्षय, साध्या औषधांना न बधणारा. तिच्याजवळ लेकराला ठेवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, आणि त्याच महिन्यात नवऱ्याला, सन्मतीला, इथल्या बंदरात नोकरी लागली. बाप आणि लेक विमानात बसले. ती खिडकीच्या जाळीतून रस्ता बघत राहिली. जवळजवळ तीन वर्षं. रोज संध्याकाळी फोनवर चेहरा दिसायचा. "आई," तो म्हणायचा. "काय रे राजा?" ती म्हणायची. त्यावर तर ती जगली.

आता तो समोर उभा होता. निळं जाकीट, आपटून समोरचा एक दात पडलेला. सन्मतीचा हात सोडून तो दोन पावलं पुढे आला. केतकी गुडघ्यावर बसली, हात पसरले. तो थांबला. त्याने हात जोडले.

"नमस्कार. आपला प्रवास सुखाचा झाला का? आई म्हणते, की तुम्ही माझी आई आहात."

केतकीला हसू फुटलं. "कोण म्हणतं रे?"

ओजूने उजव्या कानाच्या वरच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे सोन्याचा तारेएवढा वेढा चमकत होता. "आई," तो म्हणाला.

केतकीने वर पाहिलं. सन्मतीला नेमकं तेव्हाच सामानाच्या गाडीचं चाक नीट करायचं होतं.

*

कंपनीने त्या वस्तूला भलंमोठं नाव दिलं होतं, पण सांगली-मिरजेकडे ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. पुरुष जिथे भिकबाळी घालायचे तिथेच ती बसते, म्हणून ती बाळी. सोन्याच्या वेढ्यात ओवलेला तांदळाच्या दाण्याएवढा मणी. अंगाच्या उबेवर चालायचा, म्हणून कधी काढावा लागायचा नाही.

मणी दोन कामं करायचा. समोरचा माणूस बोलला, कुठल्याही भाषेत, की आधी त्याचा आवाज पुसून टाकायचा. आवाज म्हणजे हवेतली लाट. तिच्या नेमकी उलटी लाट सोडली की दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात आणि कानाच्या पडद्यापर्यंत काही पोचत नाही. मग त्या बोलण्याचा अर्थ तो आपल्या भाषेत सांगायचा. पडद्यातून नव्हे, हाडातून, थेट आतल्या कानाला. सांगणारा आवाज एकच, एका बाईचा, शांत आणि स्वच्छ. कुत्रा भुंकला, कढईत फोडणी तडतडली, तर ते जसंच्या तसं ऐकू यायचं. माणसाचा आवाज तेवढा गाळला जायचा, कारण दोन आवाज एकदम आले की गोंधळ होतो. मराठी माणूस मराठीत बोलला तरी हेच. मिरजेचं "काय करालायंस?" आत जाताना "तू काय करत आहेस?" होऊन जायचं.

मोठ्या माणसाला याने काही बिघडत नव्हतं. त्याने जन्मभर आवाज ऐकलेले असतात. दोन दिवसांत मेंदू त्या बाईच्या आवाजावर बायकोचा, साहेबाचा, शेजाऱ्याचा आवाज आपोआप चढवतो. म्हणून तर डबीतल्या कागदावर छापलं होतं, पाच वर्षांवरील व्यक्तींसाठी.

ओजूचे कान बाराव्या दिवशी टोचले. पोतदारकाका घरी आले होते, पाटावर तार, सुई आणि हळद मांडून. आत्तींनी, म्हणजे केतकीच्या सासूबाईंनी, गुळाचा खडा तयार ठेवला होता. केतकीच्या भावाने बाळाला मांडीवर घेतलं होतं. हौसेने आणलेली बाळीची डबीही पाटावरच होती. सन्मती बाहेरदेशी अर्ज करत होता, पोराला पुढे लागणारच होती.

पोतदारकाकांनी कागद वाचला. "वहिनी, हे पाच वर्षांनी घालायचं म्हणतायत. आत्ता साधी तार घालतो. खालच्या पाळीत. पाच वर्षांनी वरच्या कडेला हे टोचू."

केतकी बाळंतिणीच्या बाजेवरून उठून बसली होती. सुईकडे तिला बघवत नव्हतं. "म्हणजे परत टोचायचं? एकदाच काय ते टोचा, काका. दोनदा कशाला रडवायचं त्याला?"

"व्हय बाई," आत्ती म्हणाल्या. "आईचं काळीज हाय. घाला आत्ताच."

पोतदारकाकांनीही मान हलवली. गल्लीतल्या दहा घरांनी तसंच केलं होतं. सगळ्या जिल्ह्यानेच तसं केलं होतं. एकदा टोचलं की काम झालं. बाळ रडलं, केतकी त्याच्याहून जास्त रडली, गुळाचा खडा त्याच्या ओठाला लागला आणि तो गप्प झाला.

पुढे पावणेदोन वर्षं ती त्याच्याशी बोलली. "बघ कोण आलं? आई आली! मी आई. म्हण, आई." रोज, दिवसातून शंभर वेळा.

प्रत्येक वेळी तिचा आवाज दारातच पुसला गेला आणि आत कुणीतरी दुसरीच त्याला सांगत राहिली, मी आई. मी आई. मी आई.

*

"तुला माहीत होतं," केतकी म्हणाली.

बंदराजवळच्या इमारतीतली दोन खोल्यांची जागा होती. स्वयंपाकघरात सन्मती भांडी विसळत होता. संध्याकाळचे आठ वाजले होते तरी ऊन खिडकीतून थेट ताटात येत होतं.

"गेल्या वर्षी कळलं. बालवाडीतल्या बाई म्हणाल्या, हा कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. बोलणारा कुठे आहे तेच त्याला कळत नाही. आवाज डोक्यातून येतो, माणसं नुसती तोंडं हलवतात, असं वाटतं त्याला."

"मला सांगितलं नाहीस."

"काय सांगू? तू सलाईनवर होतीस. रोज फोनवर तो आई म्हणायचा नि तुझा चेहरा... सांगायचं होतं मी तुला, की बाई गं, तो तुला नाही म्हणत?"

केतकीने विसळलेलं ताट पुसायला घेतलं. तिने जेवताना ओजूला घास भरवला होता. त्याने तो नीट चावून खाल्ला आणि "आभारी आहे" म्हणाला. मग तिने त्याला पलंगावर थोपटत गाणं म्हटलं, तिचंच, त्याच्या जन्माच्या वेळी रचलेलं. चांदणं आलं ओट्यावरी, माझा ओजू पाटावरी. केतकीचं माहेर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत. समोरच्या मेहबूबचाचांच्या दुकानात दिवसभर तंबोऱ्यांची जवारी लावणं चालायचं. तारेखाली दोरा सरकवत सरकवत एका जागी तार नुसती वाजायची थांबते आणि गुंजायला लागते. ते लहानपणापासून कानात बसल्यामुळे असेल, केतकीच्या आवाजालाही तशी एक गुंज होती. दवाखान्यातल्या नर्ससुद्धा म्हणायच्या, वहिनी, जरा म्हणा की.

ओजूने गाणं पूर्ण होईपर्यंत वाट पाहिली. मग छताकडे बघत म्हणाला, "आई म्हणते, चंद्रप्रकाश ओट्यावर आला आहे. ओजस पाटावर आहे." थोडा विचार करून तो पुढे म्हणाला, "पण मी तर पलंगावर आहे."

नुसतं गुणगुणलं तर त्याला काहीच पोचत नव्हतं. ज्यात अर्थ नाही तो माणसाचा आवाज बाळी केराच्या टोपलीत टाकायची.

*

दुसऱ्या दिवशी ती पाव आणायला एकटीच खाली उतरली. दुकानातल्या पोरीला म्हणाली, "तो काळा पाव द्या, लहान." पोरीने बरोबर तोच दिला. वर काहीतरी विचारलं. केतकी नुसती बघत राहिली. मागे रांगेतल्या दोघांनी समजुतीने काहीतरी सांगितलं. तेही तिला कळलं नाही. पूर्वी म्हणे माणसं परदेशात हातवारे करायची, चित्रं काढायची, फोनवर भाषांतर करून दाखवायची. बाळी आली नि ते सगळं लोक विसरून गेले. फोनवरचे दुभाषे कधीच बंद पडले होते. या शहरात तिचं प्रत्येकाला कळत होतं आणि तिला कुणाचंच नाही.

एक गोष्ट मात्र फक्त तिलाच ऐकू येत होती. ट्राममध्ये बसल्यावर तिच्या ते लक्षात आलं. लोकांचे आवाज बिघडले होते. कुणी घोगरं, कुणी नुसतं पुटपुटत, कुणी लाकूड घासल्यासारखं. समोरची दोघं तरुण हातात हात घालून बसली होती, नजर प्रेमाची होती, आणि आवाज असा कोरडा की दोघं पत्ता विचारतायत असं वाटावं. कुणी ऐकतच नाही म्हटल्यावर आवाज कोण सांभाळणार? एक म्हातारी तेवढी खिडकीशी बसून स्वतःशीच काहीतरी म्हणत होती, सुरात. केतकी तिच्याजवळ सरकली. म्हातारीने चमकून पाहिलं. कुणीतरी आपला आवाज ऐकतंय, हे तिच्याही लक्षात आलं असावं. तिने काहीतरी विचारलं.

"नाही कळत हो मला," केतकी म्हणाली. "पण म्हणा. छान वाटतंय."

म्हातारी पुढे म्हणाली नाही. तिने केतकीचा हात हातात घेतला आणि उतरेपर्यंत सोडला नाही.

*

डॉक्टर तम्म या कानाच्या डॉक्टरीण होत्या. जुन्या बहिऱ्या रोग्यांसाठी त्यांच्या टेबलावर एक पाटी होती. त्या बोलल्या की पाटीवर मराठी उमटायचं. इथे आल्यापासून केतकीला सन्मती आणि ओजूखेरीज कुणाचं तरी बोलणं पहिल्यांदा कळत होतं. ती अधाशासारखी वाचत होती.

पाटीवर आलं: जन्मतः मेंदूत आवाजाच्या अनेक वाटा असतात. जिच्यावरून रहदारी होते ती रुळते. जिच्यावर कुणी चालत नाही ती बुजते. तुमच्या मुलाच्या पडद्यापासून निघणारी माणसाच्या आवाजाची वाट कधी वापरलीच गेली नाही. पाच वर्षांपर्यंत थोडी जागा उरते. नंतर नाही.

"तो चार वर्षं आठ महिन्यांचा आहे," केतकी म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली. पाटीवर आलं: रोज एक तास बाळी काढा. फक्त एक तास. त्याला एकच आवाज द्या, तुमचा. तो घाबरेल. त्याच्याकडे असलेली सगळी भाषा त्या बाळीत आहे, ती काढली की तो भाषेशिवाय उरतो. घाई केली तर आहे तेही हरवेल.

त्यांनी बाळी उघडायचा आकडा दिला. सोनाराच्या चिमट्यासारखाच होता.

पहिल्या दिवशी बाळी निघाली तेव्हा ओजू क्षणभर स्तब्ध झाला. मग केतकी म्हणाली, "ओजू, मी आहे," आणि तो किंचाळला. खोलीत जनावर शिरावं तसा. भिंतीशी सरकला, कानांवर हात दाबले.

"आईला परत द्या," तो म्हणाला. रडतानासुद्धा स्वच्छ, शुद्ध मराठी. "कृपा करून आईला परत द्या."

तिला त्याचा शब्द न् शब्द कळत होता. तिचा एकही त्याच्यापर्यंत जात नव्हता. तासाला चौदा मिनिटं कमी असताना तिने बाळी परत घातली.

दुसऱ्या दिवशी पूर्ण तास. तिसऱ्या दिवशी तो किंचाळला नाही, टेबलाखाली जाऊन बसला. तीही टेबलाखाली गेली. चौथ्या दिवशी तिने बोलणं सोडून दिलं, नुसती गुणगुणत राहिली. पाचव्या दिवशी टेबलाखाली असतानाच त्याने हात पुढे केला. तिला वाटलं ढकलतोय. त्याने तळवा तिच्या गळ्यावर टेकवला. गुंज जिथून निघत होती तिथेच. ती थांबली की तो हात उचलायचा, सुरू झाली की पुन्हा टेकवायचा. असं कितीतरी वेळ. त्याच्या कपाळावर बारीक आठी होती, जुनं काहीतरी आठवायचा प्रयत्न करताना मोठ्या माणसाच्या कपाळावर असते तशी.

"सन्मती!" ती त्या दिवशी संध्याकाळी दार उघडायच्या आधीच ओरडली. "ऐकलं त्याने! मला ऐकलं!"

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"काय सांगायचं? एका तासात एवढं होतंय, तर दिवसभर काढली तर काय होईल!"

"एकच तास म्हणाल्यात त्या."

"त्यांना एकवीस दिवसांचा व्हिसा नाही मिळालेला. रोज घालायची, रोज काढायची, रोज नव्यानं रडायचं. त्यापेक्षा एकदाच काय ते..."

ती मध्येच थांबली. असंच काहीतरी आपण पूर्वी म्हटलंय असं तिला पुसटसं वाटलं, पण आनंदाच्या भरात तिने ते बाजूला सारलं. सन्मती तिच्याकडे बघत राहिला. तो नको म्हणाला नाही. गेल्या वर्षभरात त्याने जे लपवलं होतं, त्यानंतर नको म्हणायचा हक्क आपल्याला उरलाय असं त्याला वाटलं नसावं.

सहाव्या दिवशी बाळी निघाली ती डबीत गेली.

सातव्या दिवशी ओजूचं रडणं थांबलं. आठव्या दिवशी त्याचं बोलणंही थांबलं. पाणी हवं असलं की तो पेला उचलून दाखवायचा. केतकीला वाटलं, नव्याला जागा होतेय. ती सकाळपासून त्याच्याशी बोलत होती, हे ओजूचं ताट, हा ओजूचा बूट, ही आई. तो तिच्या गळ्यावर हात ठेवायचा, पण आता त्याचे डोळे खिडकीकडे असायचे.

*

दहाव्या दिवशी ती त्याला बंदरावरच्या बाजारात घेऊन गेली. पाणी, पक्षी, घंटा दाखवायच्या होत्या. बोरं विकणाऱ्या बाईकडून निळी बोरं घेताना तिने त्याचा हात सोडला, दोन बोटांनी द्रोण धरण्यापुरता. वळून पाहिलं तर तो नव्हता.

"ओजू!"

तिचा आवाज मोठा होता. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. लोक थांबले.

"माझा मुलगा! निळं जाकीट. एवढा आहे. पाहिलात का कुणी?"

सगळ्यांना कळलं. सगळे एकदम बोलायला लागले. बोरंवालीने तिचा दंड धरून काहीतरी लांबलचक सांगितलं. एका दाढीवाल्याने डावीकडे बोट केलं आणि मान हलवली. एका बाईने उजवीकडे बोट केलं. एक म्हातारा तिच्या तोंडासमोर तोंड आणून तेच तेच शब्द सावकाश म्हणत होता, डोळ्यांत काळजी, ओठांवर थुंकी. तिथेच कुणालातरी तिचं लेकरू कुठे आहे ते माहीत होतं. तो माणूस तिला सांगतही होता. आणि ती नुसती त्या तोंडांकडे बघत होती.

"हळू बोला... अहो, कुठे? हात करा नुसता! कुठे?"

चार हात चार दिशांना झाले. तिने कानांवर हात दाबले. दाबले आणि तिला टेबलाखालचा ओजू दिसला. तो असाच बसला होता.

ती पाण्याच्या दिशेने पळाली. कुठल्याच हाताचं न ऐकता.

धक्क्याच्या टोकाला दगडी पायऱ्या उतरत होत्या. शेवटच्या कोरड्या पायरीवर निळं जाकीट होतं. पाठमोरं. खालच्या पायरीवर लाट येऊन आपटत होती.

ती दहा पावलांवर थांबली. धावत गेलं तर दचकेल. "ओजू," ती म्हणाली. तो हलला नाही. "ओजू, राजा. आई आलीय." तो हलला नाही. वाऱ्याने तिचा आवाज त्याच्याकडेच जात होता. दहा दिवस ती दुसरं काही बोललीच नव्हती. "ओजू!" तिने जीव तोडून हाक मारली, त्याच्या नावाने, त्याच्या आईच्या गळ्याने.

पलीकडे खांबावर एक समुद्रपक्षी ओरडला. ओजूने लगेच मान वळवून त्या पक्ष्याकडे पाहिलं.

ती अगदी जवळ गेली तेव्हा तिला त्याचं बोलणं ऐकू आलं. तीन दिवसांत पहिल्यांदा. तो पाण्याकडे तोंड करून, न रडता, अगदी हळू आणि पुन्हा पुन्हा सांगत होता.

"आई, मी इथे आहे. आई, मी इथे आहे. आई, मी इथे आहे."

*

डॉक्टर तम्म रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी ओजूच्या डोक्याला तारा लावल्या, केतकीला बोलायला लावलं, पडद्यावरची रेघ बघितली. केतकी बोलत होती तेव्हाही रेघ सरळच होती.

"पण माझ्या गळ्यावर हात ठेवायचा तो," केतकी म्हणाली. "गुणगुणले की ठेवायचा."

पाटीवर उमटलं: थरथर हाताला कळते. मांजराच्या पाठीवर हात ठेवला तरी कळते.

मग उमटलं: पहिल्या दिवशी तो किंचाळला ते तुमचा आवाज ऐकून नव्हे, आतला आवाज गेला म्हणून. वाट बुजली आहे. ती तुमच्या घाईने नाही बुजली, आधीच. घाईने दुसरं झालं. त्याची आहे ती भाषाही सुटत चालली आहे. बाळी आजच घालू. अजून उशीर केला तर तोही आवाज त्याला परका होईल.

सन्मती खुर्चीत वाकून बसला होता. "घालू या," तो म्हणाला. मग पुन्हा, जरा थांबून, "घालायची ना, केतकी?"

तिने पर्समधून डबी काढली. डॉक्टरांनी ओजूचा कान दिव्याखाली धरला, बोटाने चाचपला आणि हात थांबवला. लहान मुलाचं अंग ते. पाच दिवसांत भोक मिटलं होतं.

पाटीवर शब्द उमटायच्या आधीच केतकीला कळलं होतं.

"परत टोचावं लागेल," ती म्हणाली.

मामा जवळ नव्हता, म्हणून तिनेच त्याला मांडीवर घेतलं. मिरजेहून ओजूसाठी आणलेल्या डब्यात गूळ होता. तिने खडा काढून मुठीत धरला. दुसऱ्या हाताने त्याचं डोकं छातीशी दाबलं. तिच्या छातीत काय चाललं होतं ते त्याच्या गालाला कळत असेल. तेवढंच कळत असेल. डॉक्टरांनी सुई उचलली. ओजूने सुईकडे पाहिलं आणि मग केतकीकडे. ही अनोळखी बाई आता आणखी काय करणार आहे, असं बघावं तसं.

"झालं हं, झालं. एकदाच..." तिच्या तोंडून आलं, आणि पुढचं तिला म्हणवेना.

तो रडला. चार वर्षं आठ महिन्यांचं मूल रडतं तसं, लाथा झाडत, श्वास अडकवत. तिने गुळाचा खडा त्याच्या ओठाला लावला. त्याने थुंकून टाकला. मग बारीकसा टक् असा आवाज झाला. बाळी बसली.

"ओजू," केतकी म्हणाली.

रडणं मध्येच तुटलं.

त्याच्या ओल्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू पसरायला लागलं. भुवया वर गेल्या, तोंड उघडलं, पडलेल्या दाताची खिडकी दिसली. फोनवरसुद्धा तिने त्याला कधी इतकं आनंदलेलं पाहिलं नव्हतं. तो तिच्या खांद्यावरून पलीकडे, कोऱ्या भिंतीकडे बघत होता.

"आई! आई आली!" त्याने बापाला सांगितलं. "बाबा, आई आली!"

केतकीला हुंदका फुटला. इतके दिवस आवरलेला, जवारी लागलेल्या तारेसारखा, अख्खा. ती त्याला धरून मोठमोठ्याने रडत राहिली. डॉक्टर खिडकीकडे वळल्या. सन्मतीने तोंड झाकून घेतलं.

ओजू डोकं जरा कलतं करून ऐकत होता. त्याचं हसू विरायला लागलं. त्याने कानाला हात लावला, दुखलं, तरी लावला.

"आई?" तो म्हणाला. त्याचे डोळे पुन्हा भरले. "आई गप्प का आहे? आई गेली का?"

तेव्हा केतकीने पदर तोंडात कोंबला, हुंदका गिळला आणि बोलायला लागली. "नाही रे राजा, गेले नाही. इथेच आहे. आई इथेच आहे." त्याचं अंग सैल पडलं. मान तिच्या दंडावर आली. हसू परत आलं आणि डोळे त्या भिंतीकडे गेले. ती बोलत राहिली, सुचेल ते, विमानात खिडकीजवळची जागा तुझी, मिरजेत आत्तींनी तुझ्यासाठी झोका बांधलाय, मेहबूबचाचांच्या दुकानात एवढे एवढे भोपळे टांगलेत. घसा कोरडा पडला तरी तिने श्वासापुरतंही थांबायचं धाडस केलं नाही, कारण ती थांबली की पोराची आई गप्प होणार होती.